पहिला आकडा

कागद पिशवीत ठेवा, हरणाबाई.
कागद डॉक्टरांसाठी आहे.
तुमच्यासाठी मी आहे, अजून वीस मिनिटं,
दीडची उदगीर गाडी लागेपर्यंत.

मागच्या खेपेला मी भराभरा सांगितलं,
तुम्ही मान हलवली, सुनेनं हलवली,
मी अंगठा घेतला आणि पुढच्या खाटेकडे वळले.
नवव्या दिवशी तुम्ही परत आलात
टमटममध्ये आडव्या, ओठ पांढरे,
नाडी माझ्या बोटांखालून निसटणारी.
तीन दिवस ताप अंगावर काढलेला.
"सोमवारी बाजाराला गाडी येती, तवाच जावं म्हनलं."
सुनेला मी बोल बोल बोलले.
रात्री घरी कुकर घासताना लक्षात आलं,
चूक त्या हललेल्या मानेत होती
आणि तेवढ्यावर समाधान मानलं मी.

म्हणून आज सांगणार नाही. विचारणार.
प्यायला पाणी कुठलं? बोअरचं.
उकळता? चहापुरतं.
रात्री गाडी कुणाची? सरपंचाच्या पुतण्याची,
पन तो सांजच्याला शुद्धीत नसतो.
मग?
बराच वेळ खिडकीबाहेर बघून,
"रफिकचा ऑटो हाय. दूध डेअरीला नेतो त्यो."
लिहिलं : रफिक.
फोनला रेंज? टाकीवर चढलं की दोन काड्या.
तेही लिहिलं.

वाचता येत नाही. पण आकडे?
"नोटा काय न बघता घेती व्हय?"
हसल्या, तेव्हा आतले फोड दिसले.

हा थर्मामीटर. काखेत. वाजेपर्यंत हलायचं नाही.
पहिला आकडा नऊ असला, तर झोपा.
पहिला आकडा एक असला,
तर घरातली गोळी घेऊन ताप दाबायचा नाही,
उजाडायची वाट बघायची नाही,
सून टाकीवर, रफिक ऑटोवर.
मान हलवू नका. मला परत सांगा.
समजा मी हरणाबाई.

त्या सावरून बसल्या, पदर खोचला
आणि मला असं दटावलं
की शेजारच्या खाटेवरच्या काकूंनीही
स्वतःची काख चाचपली.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला.
"बरं हाय."
आमच्याकडे बरं हाय पुष्कळ प्रकारचं असतं.
एक पाहुण्यांसमोरचं,
एक सासऱ्याच्या कानावर पडावं म्हणून,
आणि एक ओकून, चूळ भरून आल्यानंतरचं,
त्यातला ब जरा ओला येतो.
पोटात काही जालालंय का?
टाकीवरचा वारा ऐकू आला नुसता.
"परवापासून न्हाई गं माय."

उलटीची गोळी जेवल्यावर घेत होत्या.
जेवण नव्हतंच, म्हणून गोळीही नाही.
अर्धा तास आधी, बाई. आधी.
मग भाताची पेज, मीठ घालून, कोमट,
चमच्या-चमच्यानं. ठेचा शिंक्यावर.
लघवी किती वेळा झाली ते मोजा,
संध्याकाळी मी पुन्हा करते.
संध्याकाळी तीनदा झाली होती.
ड्यूटी संपली होती माझी, स्टँडवर उभी होते,
तीन ऐकून शेंगदाणे घेतले.

महिनाअखेरीला मेट्रननी विचारलं,
परत भरती किती? मी म्हटलं, चार.
रजिस्टरात चारसाठी जागा होती.
तीनदा लघवीसाठी नव्हती.

एकविसाव्या दिवशी, दिलेल्या तारखेला,
हरणाबाई चालत आल्या,
चप्पल दाराशी काढून, जशी देवळात.
थर्मामीटर आणलात का?
"न्हाई. वरल्या गल्लीतल्या नूरबीला देलाय.
तिला बी सोलापुरात हेच औषध चालू हाय.
समदं सांगितलं तिला,
पहिला नऊ, पहिला एक.
लागली मान डोलवायला.
म्हनलं, मान ठिव तुझ्यापाशी.
मला परत सांग."

मी ड्रॉवर उघडला.
दोनच उरले होते.